नशिबाचा हिशेब किती डावांनी लागतो?

संभाव्यतेवर बोलण्यासाठी एखाद्या शाळेत वा कनिष्ठ महाविद्यालयात गेलो, की व्याख्यानानंतर एक प्रश्न हमखास येतो. विचारणारा विद्यार्थी बहुधा हुशार असतो आणि गणितात त्याला गती असते. "सर, लॉटरी हा नशिबाचा खेळ, हे पटलं. पण रमी, पोकर हे तर कौशल्याचे खेळ आहेत. मग नीट शिकून, अभ्यास करून खेळलं, तर का जिंकता येणार नाही?" या प्रश्नाला 'जुगार वाईट' एवढेच उत्तर देणे म्हणजे त्याला टाळणे होय. विद्यार्थ्याने प्रश्न गणिताचा विचारला आहे, तेव्हा त्याला उत्तरही गणितानेच द्यायला हवे.

असा विद्यार्थी इंग्रजी वाचणारा असेल, तर त्याच्या हाती आज ना उद्या एक पुस्तक पडण्याचा संभव आहे. मारिया कोनिकोवा यांचे 'द बिगेस्ट ब्लफ' हे ते पुस्तक. ते २०२० साली प्रसिद्ध झाले आणि बरेच गाजले. लेखिका मानसशास्त्रात पीएच.डी. झालेल्या आहेत आणि पत्रकार म्हणून नावाजलेल्या आहेत. आपल्या आयुष्यात कौशल्याचा वाटा किती आणि योगायोगाचा किती, हा त्यांचा प्रश्न. तो तपासण्यासाठी त्यांनी पोकर हा खेळ निवडला. सुरुवातीला पत्त्यांच्या जोडात किती पाने असतात, हेही त्यांना नक्की ठाऊक नव्हते! एरिक सायडेल या मुरलेल्या खेळाडूकडे त्यांनी शागिर्दी पत्करली, लहान रकमांच्या खेळापासून सुरुवात केली आणि जानेवारी २०१८ मध्ये बहामा बेटांवरील एक स्पर्धा जिंकून ८४,६०० डॉलर मिळवले.

पुस्तक वाचनीय आहे यात शंका नाही. तरीही ज्या प्रश्नासाठी ते लिहिले, त्या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळते का, हे तपासणे आम्हांला आवश्यक वाटते. लेखिका स्वतः वैज्ञानिक प्रशिक्षण घेतलेल्या असल्याने पुस्तकाला तीच कसोटी लावणे योग्य ठरेल.

जे चांगले आहे ते

आधी खेळाची थोडी ओळख करून घेऊ. पोकरचा आज सर्वाधिक खेळला जाणारा प्रकार म्हणजे टेक्सस होल्डेम. त्यात प्रत्येकाला दोन पाने बंद मिळतात आणि पाच पाने सर्वांसाठी टेबलावर उघडी होतात. या सातांतून उत्तम पाच पानांचा संच ज्याचा, त्याचा डाव. मात्र पाने उघडत असताना पैजा लागत जातात आणि समोरच्याला घाबरवून पाने टाकायला लावले, तर हलक्या पानांवरही डाव जिंकता येतो. काही माहिती उघड आणि काही झाकलेली, अशी ही स्थिती व्यवहारातल्या निर्णयांशी मिळतीजुळती आहे. जॉन फॉन नॉयमन यांना पोकरमध्ये रस वाटला तो यामुळेच. त्यांच्या व ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्या १९४४ सालच्या द्यूत-सिद्धांतावरील ग्रंथात पोकरच्या विश्लेषणाला स्वतंत्र स्थान आहे.

कोनिकोवा यांच्या पुस्तकाचे बळ मनोव्यापारांच्या वर्णनात आहे. सलग हरल्यावर आता आपली पाळी आलीच असे वाटणे, जिंकल्यावर सारे श्रेय स्वतःकडे घेणे, हरल्यावर पानांना दोष देणे हे दोष त्या स्वतःमध्ये शोधतात आणि प्रामाणिकपणे मांडतात. दुर्दैवाने हरलेल्या डावांच्या कहाण्या सायडेल ऐकूनच घेत नाहीत. निकाल काय लागला हे सोडा, निर्णय कसा घेतला ते सांगा, असा त्यांचा आग्रह असतो. निर्णयाची पारख निकालावरून करू नये, हा पुस्तकाचा सर्वांत मोलाचा धडा आहे. प्रयोगाचे 'उत्तर बरोबर आले' म्हणून पूर्ण गुण देणाऱ्या आपल्यासारख्या शिक्षकांनी तर तो अवश्य घ्यावा.

आमची तक्रार अशी की पुस्तकाची रचनाच या धड्याच्या विरुद्ध जाते. कथेचा कळस गाठला जातो तो बहामातील विजयाने. वाचक पुस्तक मिटतो तो 'अभ्यास केला आणि जिंकल्या' अशा समजुतीने. म्हणजे निर्णयाची पारख शेवटी निकालावरूनच झाली, आणि तीही एका माणसाच्या थोड्याशा स्पर्धांवरून.

खेळाचा प्रकार कोणता?

पोकर हा एक खेळ नाही. त्याचे अनेक प्रकार आहेत आणि प्रत्येकात नशिबाच्या चढउतारांचे मान वेगवेगळे असते. संख्याशास्त्रात या चढउतारांचे माप प्रमाण विचलनाने घेतात. ढोबळ विभागणी अशी: एक रोखीचा खेळ, ज्यात प्रत्येक डावाचा हिशेब पैशात लगेच होतो आणि खेळाडू हवे तेव्हा उठू शकतो. दुसरा स्पर्धेचा खेळ, ज्यात ठरावीक शुल्क भरायचे, सोंगट्या संपल्या की बाहेर पडायचे आणि बक्षिसे फक्त शेवटी उरलेल्या काहींना मिळतात.

रोखीच्या खेळात नफा-तोटा एका सक्तीच्या पैजेच्या पटीत मोजतात. या पैजेला 'बिग ब्लाइंड' म्हणतात. आपण तिला एक एकक म्हणू. दर १०० डावांमागे सरासरी ५ एकके जिंकणारा खेळाडू चांगला समजला जातो. पण सहा जणांच्या, पैजेला मर्यादा नसलेल्या होल्डेममध्ये दर १०० डावांचे प्रमाण विचलन साधारण ८० ते १०० एकके असते. आपण ९० धरू.

सरासरी नफा डावांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो, तर चढउतार त्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणून १०,००० डावांनंतर आपल्या खेळाडूचा अपेक्षित नफा ५०० एकके, पण प्रमाण विचलन ९०० एकके! प्रसामान्य वक्राचे कोष्टक पाहिले, तर इतके डाव खेळूनही तो तोट्यात असण्याची शक्यता सुमारे २९ टक्के निघते. आता शेजारी एक साधारण खेळाडू बसवा, ज्याचा खरा नफा शून्य आहे. तितक्याच डावांनंतर तो ५०० वा अधिक एककांनी पुढे असण्याची शक्यताही तीच, २९ टक्के. दोघांच्या हिशेबाच्या वह्या पाहून कुशल कोण, हे खात्रीने सांगता येणार नाही.

खऱ्या टेबलावर तासाला सुमारे ३० डाव होतात. त्यामुळे १०,००० डाव म्हणजे ३३३ तासांचा खेळ झाला. अपेक्षित नफा प्रमाण विचलनाच्या दुप्पट व्हावा, ही आपली नेहमीची कसोटी लावली, तर १,२९,६०० डाव लागतात. हे ४,३२० तास झाले. रोज चार तास, एकही सुट्टी न घेता खेळले, तर जवळजवळ तीन वर्षे!

स्पर्धेत हा काळ किती लांबतो ते एका सोप्या नमुन्यावरून पाहू. १०० स्पर्धक, प्रत्येकाचे एक शुल्क आणि सर्व १०० शुल्के पहिल्या क्रमांकाला. साधारण खेळाडू शंभरात एकदा जिंकेल. कुशल खेळाडूची शक्यता १.३ टक्के धरू. म्हणजे त्याला गुंतवणुकीवर सरासरी ३० टक्के नफा. अशा १०० स्पर्धा खेळून कुशल खेळाडू एकदाही न जिंकण्याची शक्यता २७ टक्के आहे. दोन वा अधिक स्पर्धा जिंकून चांगला नफा दाखवण्याची शक्यता कुशल खेळाडूला ३७ टक्के, तर साधारण खेळाडूला २६ टक्के. फरक आहे, पण एका माणसाच्या बाबतीत तो दिसणार कसा? दुप्पट विचलनाच्या कसोटीला सुमारे ५,७०० स्पर्धा लागतील. वर्षाला शंभर धरल्या, तरी ५७ वर्षे.

प्रत्यक्ष स्पर्धांत बक्षिसे अनेकांत वाटली जातात, त्यामुळे चढउतार या नमुन्याहून कमी असतात. उलट मोठ्या स्पर्धांत स्पर्धक शंभराहून कितीतरी जास्त असतात, त्यामुळे ते वाढतात. नऊ जणांच्या लहान स्पर्धेत पहिल्या तिघांना ५०, ३० व २० टक्के वाटणी असेल आणि कुशल खेळाडूचा नफा तोच ३० टक्के मानला, तर सुमारे १२५ स्पर्धांत तीच कसोटी पुरी होते. १२५ कुठे आणि ५,७०० कुठे! कौशल्य तेच, पण प्रकार बदलला की ते दिसायला लागणारा काळ पंचेचाळीस पटींनी वाढतो.

कोनिकोवा यांनी लक्ष ठेवले ते स्पर्धांवर, त्यातही १०,००० डॉलर शुल्काच्या लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेवर. लेखक म्हणून ही निवड समजण्यासारखी आहे. स्पर्धेला आरंभ असतो, शेवट असतो, विजेता असतो. पण कौशल्य आणि नशीब वेगळे करणे हाच हेतू असेल, तर प्रयोगासाठी याहून गैरसोयीचा प्रकार निवडणे कठीण. पुस्तकात चढउतारांचा उल्लेख येतो, पण वर केला तसला हिशेब आमच्या वाचनात कोठे आला नाही.

पोकरमध्ये कौशल्य नाही, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. स्टीव्हन लेव्हिट व थॉमस माइल्स या संशोधकांनी २०१० सालच्या जागतिक स्पर्धा-मालिकेचे निकाल तपासले. आधीच कुशल म्हणून ठरवलेल्या ७२० खेळाडूंना शुल्कावर सरासरी ३० टक्क्यांहून अधिक नफा झाला, तर इतरांना सरासरी १५ टक्के तोटा. कौशल्य आहे हे यावरून दिसते. पण ते दिसले कसे, हे ध्यानात घ्या. ७२० जणांचे निकाल एकत्र केले तेव्हा! शिवाय त्यांची निवड स्पर्धेआधी झाली होती, निकाल पाहून नव्हे. कोनिकोवा यांच्या प्रयोगात या दोन्ही गोष्टी नाहीत.

गंगाजळीचे अर्धायुष्य

काळ एवढा लागणार असेल, तर तोवर तग धरायला पैसा हवा. खेळासाठी वेगळी काढून ठेवलेली ही रक्कम, म्हणजे खेळाडूची गंगाजळी. ती किती असावी, याचे गणित बिल चेन व जेरॉड अँकनमन यांच्या 'द मॅथेमॅटिक्स ऑफ पोकर' (२००६) या पुस्तकात सविस्तर आहे. चेन हे गणितात पीएच.डी. असून २००६ साली त्यांनी जागतिक मालिकेतील दोन स्पर्धाही जिंकल्या.

त्या गणिताचा सारांश शिक्षकांना ओळखीच्या भाषेत सांगता येईल. किरणोत्सारी मूलद्रव्याला जसे अर्धायुष्य असते, तशीच गंगाजळी बुडण्याची शक्यताही ठरावीक अंतराने निम्मी होत जाते. आपल्या मघाच्या खेळाडूच्या बाबतीत दर ५६० एककांना ती निम्मी होते. ५६० एकके असतील तर बुडण्याची शक्यता ५० टक्के, १,१२० असतील तर २५ टक्के. टेबलावर बसताना साधारणतः १०० एकके घेऊन बसतात. तेव्हा अशा वीस बैठकींची, म्हणजे २,००० एककांची गंगाजळी असेल, तर शक्यता साडेआठ टक्के.

पण हे 'अर्धायुष्य' चढउतारांच्या वर्गाच्या सम प्रमाणात आणि नफ्याच्या व्यस्त प्रमाणात बदलते. नफा निम्मा झाला, म्हणजे १०० डावांमागे अडीच एककेच उरली, तर त्याच २,००० एककांवर बुडण्याची शक्यता २९ टक्क्यांवर जाते. नफा पाचच ठेवून खेळ बदलला आणि चार पाने हाती घेऊन खेळायचा ओमाहा निवडला, ज्यात प्रमाण विचलन १४० पर्यंत जाऊ शकते, तर शक्यता ३६ टक्के. म्हणून खेळाचा प्रकार आणि गंगाजळी हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. एकाचे उत्तर दिल्याशिवाय दुसऱ्याचे देता येत नाही.

यात एक अट दडलेली आहे. गंगाजळीतून घरखर्चाला काहीही काढायचे नाही. जो जिंकलेले सारे पैसे घरी नेतो, त्याचा खेळातला निव्वळ नफा शून्य होतो, आणि शून्य नफ्याची गंगाजळी कितीही मोठी असली तरी कधी ना कधी बुडतेच. कोनिकोवा यांचा व्यवसाय लेखनाचा होता. वाईट वर्ष गेले असते, तरी त्याचेही पुस्तक झाले असते. नोकरी सोडून खेळावर जगू पाहणाऱ्या तरुणाची स्थिती अगदी वेगळी आहे. पुस्तकाने हा फरक ठळकपणे सांगायला हवा होता, असे आम्हांला वाटते. बहामातील विजयानंतर लेखिका काही काळ एका ऑनलाइन पोकर कंपनीच्या प्रतिनिधी होत्या, हेही वाचकाने लक्षात ठेवावे.

आणि नफा मुळातच उणे असेल तर? टेबलावर एकाने जिंकलेले पैसे दुसऱ्याने हरलेले असतात. त्यातून जागेचा मालक आपला वाटा काढतो, ज्याला आपल्याकडच्या जुगारात नाल म्हणतात. त्यामुळे सर्व खेळाडूंची बेरीज शून्याखाली जाते आणि सरासरी खेळाडू तोट्यातच असतो. त्याला गंगाजळीचे कोणतेही नियम वाचवू शकत नाहीत. मोठी गंगाजळी त्याचे हरणे फक्त लांबवते.

विजेत्याची गोष्ट

प्रत्येक स्पर्धेला एक विजेता असतोच. हजार जणांनी नाणी उडवून छापा पडलेल्यांनाच पुढे जाऊ दिले, तरी दहाएक फेऱ्यांनंतर एखादा उरेल आणि त्याच्या पद्धतीवर पुस्तक लिहिता येईल. २००३ साली क्रिस मनीमेकर या हिशेबनिसाने ८३९ स्पर्धकांतून जागतिक स्पर्धा जिंकली आणि २५ लाख डॉलर मिळवले. ते इंटरनेटवरील स्वस्त पात्रता फेरीतून आले होते. ही कथा जगभर पोचली आणि २००६ साली त्याच स्पर्धेला ८,७७३ स्पर्धक आले. एका माणसाच्या निकालाने एवढी माणसे हलली. बाकीच्या ८३८ जणांची कथा कोणी सांगितली नाही. कोनिकोवा यांचे पुस्तक याहून पुष्कळ विचारी आहे, पण वाचकाच्या मनावर होणारा परिणाम त्याच जातीचा आहे.

वर्गात करून पाहा

हे सारे पैशाशिवाय आणि पत्त्यांशिवाय वर्गात दाखवता येते. डब्यात ११ चिठ्ठ्या घ्या. सहांवर 'जिंकलो', पाचांवर 'हरलो'. प्रत्येक मुलाला पाच चिंचोके द्या. चिठ्ठी काढायची, त्याप्रमाणे एक चिंचोका मिळवायचा किंवा द्यायचा आणि चिठ्ठी परत डब्यात टाकायची. खेळ उघड उघड मुलांच्या बाजूचा आहे. तरीही ४० मुलांच्या वर्गात प्रत्येकाने ५० वेळा चिठ्ठी काढेपर्यंत दहा-अकरा मुलांचे चिंचोके संपलेले असतील. खेळ अमर्याद चालू ठेवला, तर हा आकडा १६ होतो, कारण बुडण्याची शक्यता पाच-षष्ठांशाचा पाचवा घात, म्हणजे ४० टक्के. दहा चिंचोके दिले तर बुडणारी मुले सहा-सात, वीस दिले तर एखादेच.

मोठ्या विद्यार्थ्यांसाठी पुढची पायरी. प्रत्येक वेळी एकच चिंचोका न लावता, हाती असलेल्यांचा ठरावीक हिस्सा लावायचा. किती लावावा? बेल प्रयोगशाळेतील जॉन केली यांनी १९५६ साली याचे सूत्र दिले. बरोबरीच्या पैजेत जिंकण्याच्या शक्यतेतून हरण्याची शक्यता वजा करायची. येथे सहा-अकरांशातून पाच-अकरांश गेले, उरला एक-अकरांश. हाती २२ असतील तर दोनच लावा. याच्या दुप्पट हिस्सा लावत गेल्यास दीर्घकाळात वाढ शून्यावर येते आणि त्याहून अधिक लावल्यास, खेळ बाजूचा असूनही, चिंचोके घटत जातात. अनुकूल खेळातही हावरटपणाने माणूस बुडतो, हे मुलांना हाताने करून कळेल.

तर मग उत्तर काय?

१९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीत कौशल्याचा भाग मोठा आहे असे म्हटले. पुढे 'कौशल्याचा खेळ' हे शब्द जाहिरातींतून घरोघरी पोचले. २०२५ साली संसदेने ऑनलाइन खेळांसंबंधी कायदा केला, तेव्हा पैशाच्या खेळाच्या व्याख्येत कौशल्य, योगायोग की दोन्ही, हा भेदच बाजूला ठेवला. कायद्याची कारणे कायदेपंडितांनी पाहावीत. आम्हांला एवढेच सांगायचे आहे की 'कौशल्याचा खेळ' हे शब्द खरे असले, तरी त्यांवरून 'शिकलो म्हणजे जिंकणार' हा निष्कर्ष निघत नाही. मध्ये तीन प्रश्न विचारावे लागतात. आपला खरा नफा किती? खेळाच्या या प्रकारात चढउतार किती? आणि तेवढा काळ तग धरायला आपल्याजवळ काय आहे? अठरा वर्षांच्या मुलाला पहिल्याचे उत्तर ठाऊक नसते, आणि ते कळायला जेवढे डाव लागतात तेवढ्यांचे पैसे त्याच्याजवळ नसतात.

'द बिगेस्ट ब्लफ' वरिष्ठ विद्यार्थ्यांनी वाचायला आमची हरकत नाही. मनाच्या खोड्या समजून घ्यायला ते चांगले आहे. ज्यांना गणित झेपते त्यांनी चेन व अँकनमन यांची गंगाजळीवरील प्रकरणे सोबत वाचावीत. शिक्षकांनी मात्र ते पुस्तक विद्यार्थ्याच्या हाती देण्याआधी अकरा चिठ्ठ्यांचा तो डबा एकदा वर्गात फिरवावा. पहिल्या दहा मिनिटांत ज्यांचे चिंचोके संपले, त्यांना नंतर विचारावे, "तुमचं कौशल्य कमी पडलं का?" आमचा अनुभव असा की त्या प्रश्नानंतरची चर्चा तास संपला तरी थांबत नाही.